वजन नसलेलं पत्रक

१

सोमवारी सकाळी कार्यालयाच्या तक्रारपेटीत एक मोठं पाकीट निघालं आणि आतला कागद वाचून मला आनंद झाला. वजनमाप निरीक्षकाला तक्रार वाचून आनंद होऊ नये. पण झाला, आणि सांगायला बसलेच आहे तर तेवढं तरी खरं सांगते.

पाकिटात एक रंगीत पत्रक होतं. आदल्या दिवशी, रविवारी, वर्तमानपत्रात घालून ते सिल्वासातल्या घराघरांत गेलं होतं. वर ठसठशीत अक्षरांत 'बायडाबाईंचा खान्देशी काळा मसाला'. डाव्या बाजूला हातात पाकीट धरून हसणारी प्राजक्ता मुळ्ये. उजवीकडे तीन वस्तू आणि त्यांच्या किंमती: काळा मसाला एकशेवीस रुपये, ज्वारीचे बिबडे म्हणजे खान्देशी पापड नव्वद, शेंगदाण्याची चटणी सत्तर. किती ग्रॅमला एकशेवीस, हे मात्र पत्रकात कुठेही नव्हतं.

सोबत टाइप केलेला अर्ज होता. 'या जाहिरातीत तिन्ही वस्तूंची किंमत छापली आहे, पण निव्वळ वजन छापलेले नाही. नियमाप्रमाणे सात दिवसांच्या आत ही तक्रार देत आहे. योग्य ती कारवाई व्हावी.' खाली 'एक ग्राहक, किलवणी'.

लोकांना वाटतं, आम्ही फक्त भाजीवाल्यांचे काटे तपासत फिरतो. पण बंद पाकिटातल्या मालाची जाहिरातही आमच्याच कक्षेत येते. किंमत छापली की वजन किंवा नग छापायचेच, आणि तेही किंमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत. नाहीतर गिऱ्हाईक एकशेवीस वाचून घरून निघतं आणि दुकानात हातात येतं मुठीएवढं पाकीट. महिन्यापूर्वी व्यापाऱ्यांच्या शिबिरात मी हेच घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. त्या शिबिरात प्राजक्ता दुसऱ्या रांगेत बसली होती. म्हणजे कळत असून केलंय, असा मी लगेच अर्थ काढला.

आता माझं आणि प्राजक्ताचं. ती राजापूरची, मी चिपळूणची. चौदा वर्षांपूर्वी दोघी एकाच महिन्यात इथे आलो आणि टोकरखाड्यात समोरासमोरच्या इमारतींत राहिलो. तेव्हा तिला साधी आमटी जमत नव्हती, माझ्याकडून वाटण घेऊन जायची. आज तिच्या दुकानावर पाटी आहे, पत्रकावर फोटो आहे आणि भिशीत सगळ्या बायका तिच्या बाजूची खुर्ची पकडतात. मला ते बघवत नाही. तीनदा मी दुसऱ्याला पाठवून तिचा मसाला आणवला आणि कार्यालयाच्या काट्यावर तोलला. तिन्ही वेळा दोनशे ग्रॅमच्या वरच भरला. एकदा तर दोनशे चार. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

साहेबांनी अर्जावर शेरा मारला, 'चौकशी करून गुरुवारी अहवाल'.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी यजमानांना ही बातमी सांगितली. विश्वनाथ मराठी शाळेत शिक्षक आहेत. सिल्वासातल्या निम्म्या लग्नपत्रिकांचं मराठी त्यांच्या नजरेखालून जातं आणि त्याचा ते एक पैसा घेत नाहीत. मी बोलत होते तेव्हा ते मी केलेली किराणाची यादी तपासत होते. घरात साबण आहे म्हणाले आणि लाल पेनाने साबणावर वेटोळं मारून शेपटी समासात वर नेली. मुलांच्या वह्यांतही ते असंच खोडतात.

"मग आता तुला बरं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

"खूप," मी म्हणाले.

२

मंगळवारी प्राजक्ताच्या दुकानात शिरताना मी ओळखपत्र गळ्यात मुद्दाम पुढे घेतलं.

मागच्या खोलीत बायडाबाई मिरच्यांची देठं खुडत होत्या. पारोळ्याकडच्या. नवरा सुकदेव इथल्या कारखान्यात लागला तेव्हा त्याच्यामागून आल्या. कारखाना बंद पडला आणि आता तोच सुकदेव कोपऱ्यात बसून पाकिटांना सील मारतो. मसाला सगळा बायडाबाईंच्या हातचा. दुकान, परवाने, बोलणं-चालणं प्राजक्ताचं.

मी पत्रक टेबलावर ठेवलं. "वजन कुठे आहे?"

प्राजक्ताचा चेहरा उतरला. तिने मोबाइल काढून मला दाखवला. गेल्या गुरुवारी प्रेसने पाठवलेला नमुना. हेच पत्रक, हाच फोटो, पण प्रत्येक किंमतीशेजारी तेवढ्याच अक्षरांत 'निव्वळ वजन २०० ग्रॅम'. खाली तिचा निरोप, 'ओके. छापा.'

"मंजुषाताई, मी हे ओके केलं होतं. रविवारी पेपरातून पत्रक पडलं तेव्हाच मला हे दिसलं. प्रेस सोमवारी बंद असतो. तुम्ही आलात तेव्हा मी तिकडेच निघाले होते."

"वर्तमानपत्रात घालायला देण्याआधी बघितलं नाहीत?"

"गठ्ठे प्रेसवरूनच परस्पर पेपरवाल्याकडे जातात. उरलेला एक गठ्ठा शनिवारी इथे आला, तो कोणी सोडलाच नाही."

कोपऱ्यात गठ्ठा होता खरा, सुतळी बांधलेला, गाठ न सोडलेली.

बायडाबाई हात पुसत पुढे आल्या. "ताई, शुक्रवारी वापी रोडवरला मोठा बाजारवाला येवाव शे. सही करी तो. त्यानी अट शे, कोनती सरकारी केस नको. केस व्हयनी तर तो परत जाई."

"बारा बायका आहेत मागे," प्राजक्ता म्हणाली. "त्या सुपरमार्केटशी करार होऊन मसाला तिथे लागला तर त्यांना वर्षभर काम आहे. नाही लागला तर दिवाळीपर्यंत दुकान बंद करावं लागेल. एवढं साधं आहे ते."

बायडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर चुकवली. त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी मसाल्याची पिशवी घेऊन ही बाई पहिल्यांदा माझ्या दारात आली होती. "ताई, तुमले नियम माहीत शेत, तुम्ही संगे ऱ्हावा," म्हणाली होती. मी सरकारी नोकर, मला धंद्यात पडता येत नव्हतं, हे खरंच. पण मी ते तिला सांगितलं नाही. "आधी नीट तोलून आण, मग बोल," म्हणून दार लावलं. ती समोरच्या इमारतीत गेली आणि प्राजक्ताने दार उघडलं.

बाहेर आल्यावर मी हिशेब मांडला. गुरुवारच्या नमुन्यात वजन होतं. शनिवारी छापून आलेल्या कागदावर नव्हतं. मधल्या दोन दिवसांत कोणीतरी ते काढलं होतं. म्हणजे प्राजक्ता निर्दोष असण्याची शक्यता होती, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

३

प्रेसमध्ये कम्प्युटरवर निलेश बसतो. जन्म इथलाच, आई-वडील धुळ्याकडचे. एका वाक्यात तीन भाषा बोलतो.

"फाइल ओके झाल्यावर वजन कोणी काढलं?" मी सरळ विचारलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माऊसकडे. "मॅडम, आपण तर ऑपरेटर. जे करेक्शन आलं ते केलं. मी मनाने थोडी काय काढीन?"

"करेक्शन कुठून आलं?"

"करेक्शन तो पार्टीकडूनच येतं ना."

"या वेळी? पार्टीकडून?"

"मॅडम, शेठ आला की त्यालाच विचारा. मला कामाची बहुत घाई आहे." आणि तो उगाचच एका लग्नपत्रिकेतला गणपती इकडून तिकडे सरकवत बसला.

पोरगा खोटं बोलत नव्हता, पण पूर्ण बोलतही नव्हता, एवढं मला कळत होतं. पण माणसाला जे ऐकायचं असतं तेच त्याला ऐकू येतं. पार्टीकडून आलं, म्हणजे प्राजक्ताकडून. आधी नमुना ओके करून पुरावा ठेवला, मग फोन करून वजन काढायला लावलं. कशाला? पुढच्या खेपेला पाकीट दीडशेचं करायचं असेल. सगळं कसं छान बसत होतं. स्कूटर चालवताना मी चक्क गुणगुणत होते.

एकच गोष्ट बसत नव्हती. मग तक्रार कोणी केली?

४

किलवणीत 'एक ग्राहक' शोधायचा म्हणजे वेळ घालवणं. पण किलवणीत बायडाबाईंची जाऊ राहते, शोभा. ती घरीच काळा मसाला करून विकते आणि शिबिरालाही आली होती. बुधवारी सकाळी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले.

शोभाने चहा ठेवायच्या आधीच सुरुवात केली. "सासूनं दोघींना एकाच पाट्यावर शिकवलं मॅडम. तोच मसाला, तेच हात. तिचा पेपरात येतो आन माझा हाटेलवाले उधार नेतात. जळते मी. सांगते ना, जळते."

ही बाई मला एकदम आवडली.

"मग तक्रार तुम्ही केलीत?"

"मी?" ती उठून उभी राहिली. "मला तक्रार करनी असती ना, तर सोताचं नाव लिहिलं असतं मोठ्या अक्षरात, शोभाबाई म्हनून. तिला कळायला नको, कोनी केली? म्हने एक ग्राहक! ज्याला तोंड लपवायचंय त्यानं माझ्या गावाचं नाव टाकलं, म्हनजे बोट माझ्याकडे जाईल."

"पत्रक बघितलंत का?"

"बघितलं का म्हनजे? जपून ठेवलंय." तिने देवाच्या फळीवरून वर्तमानपत्राची घडी काढली. आत पत्रक होतं. प्राजक्ताच्या फोटोला तिने पेनाने मिशा काढल्या होत्या. मी हसू दाबलं आणि पत्रक हातात घेतलं, आणि हसू तिथेच विरलं.

पत्रकाच्या मधोमध आडवी घडी होती. असणारच. इथला पेपरवाला पत्रक आत सरकवतो, मग पेपर आडवा दुमडून रबर लावतो आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत फेकतो. माझ्या घरी आलेल्या पत्रकालाही तशीच घडी होती.

मी फाइलमधून तक्रारीसोबतचं पत्रक काढलं. उजेडात धरलं, बोट फिरवलं. कागद कोराकरकरीत. घडीचा मागमूस नाही.

ते पत्रक वर्तमानपत्रातून आलंच नव्हतं. ते गठ्ठ्यातून घेतलेलं होतं. दुकानातल्या गठ्ठ्याची गाठ मी स्वतः बघितली होती, सुटलेली नव्हती. म्हणजे तक्रार करणारा बहुतेक शनिवारी प्रेसमध्ये उभा होता, आणि शोभा तर आयुष्यात कधी प्रेसची पायरी चढली नव्हती.

५

दुपारी कार्यालयात परतले तर बाहेरच्या बाकावर प्राजक्ता वाट बघत बसली होती.

"तुम्हीच फोन करून वजन काढायला लावलंत," ती आत येताच मी म्हणाले, बसायलाही सांगितलं नाही. "निलेश म्हणाला, करेक्शन पार्टीकडून आलं."

"मी?" तिला रागवायलाही सुचेना. "ताई, ते वजन तुमच्यामुळे घातलं होतं. आधीच्या तीन पत्रकांत नुसत्या किंमतीच होत्या, मला नियमच माहीत नव्हता. शिबिरात तुम्ही सांगितलंत म्हणून घातलं. हे बघा."

तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर मी होते. हिरवी साडी, हातात कागद. तिने माझं अख्खं भाषण रेकॉर्ड केलं होतं, बावीस मिनिटांचं.

"दोनदा बघितलं मी. बायडाबाईंनाही दाखवलं. तुम्ही इतकं सोपं करून सांगता, माझ्याच्याने नाही होत असं. बघा, इथे तुम्ही अक्षरांच्या आकाराचं सांगितलंय."

मला तिचा तेव्हा जितका राग आला तितका चौदा वर्षांत आला नव्हता. जिला पाण्यात पाहायचं तिने आपलं भाषण जपून ठेवावं, ही काय रीत झाली?

"तुम्ही बघा, मी पाणी पिऊन येते," म्हणून ती बाहेर गेली. मी बघत बसले. दंड काय, अक्षरं केवढी, तक्रार कशी करायची, पेटी कुठे आहे. तक्रारीचा भाग संपला आणि मी दचकले. मागे घेऊन पुन्हा ऐकला.

सात दिवस नव्हते.

अर्जात लिहिलं होतं, 'नियमाप्रमाणे सात दिवसांच्या आत'. तक्रार करणारा शिबिरात होता आणि त्याने ते माझ्याच तोंडून ऐकलं, असं मी सोमवारपासून धरून चालले होते. कारण असा नियमच नाही. सात दिवस मी माझ्या सोयीसाठी घुसडले होते, लोक वर्ष-वर्ष जुनी पाकिटं घेऊन येतात म्हणून. पण त्या दिवशी पहिल्या रांगेत साहेब येऊन बसले. नसलेला नियम त्यांच्यासमोर कसा सांगणार? ऐनवेळी मी ती ओळ गाळली होती.

म्हणजे तक्रार करणाऱ्याने सात दिवस शिबिरात ऐकले नव्हते. तिथे ते कोणालाच कळले नसते. ते फक्त माझ्या हातातल्या कागदावर होते. आणि तो कागद मी मोठ्याने एकदाच वाचला होता, आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात उभी राहून. ऐकायला एकच माणूस होता. तो लसूण सोलत होता.

प्राजक्ता पाणी पिऊन आली. "काही सापडलं का ताई?"

"उद्या सांगते," मी म्हणाले. मोबाइल तिच्या हातात परत दिला.

६

प्रेसमध्ये मी या वेळी प्रश्न बदलला.

"निलेश, तू मराठी टाइप करतोस. ते बरोबर आहे की नाही, छापायच्या आधी कोण बघतं?"

त्याने मान खाली घातली. "सर बघतात. नेहमीच बघतात. शाळा सुटली की इथून जातात, प्रिंट काढून ठेवलेली असते, लाल पेनाने करून देतात. पार्टीने ओके केलं तरी मराठी सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय शेठ छापत नाही."

"काल का नाही सांगितलंस?"

"मॅडम, तुमच्या तोंडावर तुमच्याच मिस्टरांचं नाव कसं घेऊ? मला वाटलं, तुम्हाला माहीत असून माझी परीक्षा घेताय."

भिंतीला एक लांब खिळा होता. तपासून झालेले कागद त्याला खोचायची पद्धत. निलेशने वरचे काढत काढत गुरुवारपर्यंत आणले आणि एक कागद माझ्या हातात दिला.

वजनाच्या तिन्ही ओळींवर लाल वेटोळं होतं. शेपटी समासात वर गेलेली. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'गर्दी होते, काढावे.'

चौदा वर्षं माझ्या किराणाच्या यादीवर मी ते वेटोळं बघत आले होते. पण प्राजक्ताच्या पत्रकावर ते का? माझ्या डोक्यात नको ते येऊन गेलं. तिच्या मसाल्याचं ते नेहमी कौतुक करायचे. तिने यांचा काही अपमान केला की काय? की आणखी काही? तो कागद घेऊन मी स्कूटर घराकडे वळवली.

७

ते स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मी कागद ओट्यावर ठेवला.

त्यांनी गाळणी खाली ठेवली आणि खुर्चीत बसले. नाही म्हणाले नाहीत.

"शनिवारी गठ्ठ्यातलं एक पत्रक मीच उचललं. अर्ज झेरॉक्सवाल्याकडे टाइप करून घेतला. सोमवारी शाळेत जाताना पेटीत टाकला."

"का? काय केलंय तिने तुमचं?"

"माझं? काही नाही. भली बाई आहे."

"मग?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग सावकाश बोलले. "मंजू, आपल्या घरात आपण दोघंच राहतो असं तुला वाटतं. तसं नाहीये. जेवायला बसलं की प्राजक्ता. तिची साडी, तिची पाटी, तिचा फोटो. परवा माझं पेन्शनचं पत्र आलं, मी तुला वाचून दाखवत होतो. तू खिडकीतून तिच्या गॅलरीत बघत होतीस. माझ्या वाढदिवसाला तू तिचं पाकीट काट्यावर तोलून आलीस आणि रडलीस. माझा वाढदिवस आहे हे तुला दुसऱ्या दिवशी आठवलं."

मी ओट्यावरचा कागद परत हातात घेतला.

"मला तिचा हेवा वाटायला लागला," ते म्हणाले. "हसू नकोस. बायको चोवीस तास ज्याचा विचार करते त्याचा नवऱ्याला हेवा वाटणारच ना? मला वाटलं, एकदा तिची चूक तुझ्या हातात आली की तू शांत होशील. ती दंड भरेल, सुटेल. आणि तू माझ्याकडे वळशील."

"शुक्रवारची सही? बारा बायका?"

"ते मला माहीत नव्हतं. तू काल सांगितलंस तेव्हा कळलं." त्यांनी वर पाहिलं. "आता तू काय करणार आहेस?"

त्या क्षणी मी काय काय विचार केला ते सगळं सांगत नाही. खिळ्याचा कागद माझ्याच हातात होता. गॅस पेटलेला होता. अहवालात 'प्रेसची चूक' लिहिलं असतं तरी कोणी विचारलं नसतं. विचार आणखी पुढे गेला. 'जाहिरातदाराची चूक' असंही लिहिता आलं असतं. नवरा वाचला असता आणि प्राजक्ता बुडाली असती. चौदा वर्षं जे मागितलं ते ताटात वाढून आलं होतं, आणि मला त्याची किळस आली.

"उद्या सकाळी तुम्ही दुकानात जा," मी म्हणाले. "बायडाबाईंना स्वतःच्या तोंडाने सांगा. मी साहेबांकडे जाते."

८

गुरुवारी मी अहवाल दिला. खिळ्याचा कागद जोडला, घडी नसलेलं पत्रक जोडलं, नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, की हे प्रकरण आता माझ्याकडे ठेवू नये. साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मॅडम, हे तुम्ही न लिहिता भागलं असतं."

"भागलं असतं," मी म्हणाले.

त्यांनी फाइल दुसऱ्या निरीक्षकाकडे दिली. प्राजक्ताने वजन घालून नवीन पत्रक छापून घेतलं, त्याच घरांत पुन्हा वाटायला पेपरवाल्याकडे दिलं आणि तसं लिहून दिलं. जाहिरातदाराने नियम पाळला होता, बदल तिच्या नकळत झाला, असा शेरा मारून साहेबांनी तिला फक्त समज दिली आणि गुरुवारी संध्याकाळी प्रकरण बंद केलं. शुक्रवारी दुपारी बाजारवाल्याने सही केली. विश्वनाथना मात्र साहेबांनी बोलावून अर्धा तास उभं केलं, आणि प्रेसच्या शेठने यापुढे येऊ नका म्हणून सांगितलं. लाल पेन ते आता शाळेतच ठेवतात.

दुकानात काय झालं ते मला प्राजक्ताने सांगितलं. हे हात जोडून उभे राहिले तेव्हा सुकदेव सील मारायचं सोडून अंगावर धावला. बायडाबाईंनी त्याला अडवलं. मिरच्यांनी भरलेलं सूप खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "गुर्जी, मना नातूले तुम्ही शिकाडतस. आते घर जाईसन त्याले काय सांगू?" त्या मुलाच्या वर्गावर जायची वेळ आली की ते दाराशी थबकतात.

शनिवारी प्राजक्ता स्वतः आमच्याकडे आली. बसली नाही. मसाल्याचं एक पाकीट माझ्या हातात दिलं. "बायडाबाईंनी पाठवलंय. म्हणाल्या, ताईंना सांग, तोलून आणलंय."

सात वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य बाईने जपून ठेवलं होतं. प्राजक्ताला त्यातलं काही माहीत नव्हतं, ती हसून निघून गेली.

विश्वनाथ ओट्याशी कांदा चिरत होते. मी आत गेले, स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला, जुन्या रिकाम्या पाकिटाचं वजन वजा केलं आणि पाकीट वर ठेवलं. ते चिरायचे थांबले.

"किती?"

"दोनशे दोन."

"बरं वाटलं?"

"नाही," मी म्हणाले. दोनशेपेक्षा एक ग्रॅम जरी कमी भरलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. ते आता मी माझ्यापासून लपवत नाही.

मग मी काटा कपाटात ठेवला, खिडकीचा पडदा ओढला आणि यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. "ते पेन्शनचं पत्र कुठे आहे?" मी विचारलं. "वाचा बरं. पहिल्यापासून."